मॅथिसन, फ्रान्सिस ओटो

(१९ फेब्रुवारी १९०२–१ एप्रिल १९५०). अमेरिकन साहित्याचे अभ्यासक, समीक्षक व हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील पाच लेखकांचा एकत्रित अभ्यास करून त्यांनी अमेरिकन साहित्याच्या ‘प्रबोधनकाळा’ची कल्पना रूढ केली. अमेरिकन विद्यापीठांत स्वदेशी साहित्याला अभ्यासविषय म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, तीत त्यांच्या ‘अमेरिकन रेनेसान्स’ (१९४१) या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. चित्रकार रसेल चेनी (१८८१–१९४५) यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार १९७८ मध्ये निवडक स्वरूपात प्रसिद्ध झाला. मॅथिसन यांच्या समीक्षेचा विचार करताना या पत्रांना ग्रंथांच्या बरोबरीचे स्थान द्यावे लागते.

जीवन व शिक्षण : जन्म कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे. आजोबा फ्रेडरिक विल्यम मॅथिसन हे इलिनॉय राज्यातील ला सॅल गावचे जस्त-उद्योगातील बडे कारखानदार. गजराच्या घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेला वेस्टक्लॉक्स हा कारखानाही त्यांच्याच हाती होता. आईवडील विभक्त झाल्यावर मुलाच्या बालपणाचा बराच काळ आजोबांच्या घरी गेला. न्यूयॉर्क राज्यातील टॅरीटाउन येथील हॅकली स्कूलमध्ये शालेय शिक्षण. येल विद्यापीठाची पदवी १९२३ मध्ये. तेथे ते ‘येल डेली न्यूज’ या विद्यार्थी-दैनिकाचे व्यवस्थापकीय संपादक होते आणि स्कल अँड बोन्स या गुप्त विद्यार्थिमंडळाचे सदस्यही होते. या मंडळाचा उल्लेख येथे करावा लागतो, कारण पुढे ज्यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला ते चेनी आणि ती पत्रे ज्यांनी संपादित केली ते लुई हाइड, हे दोघेही याच मंडळातले. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेले व १९२५ मध्ये बी. लिट. झाले. १९२७ मध्ये हार्व्हर्डची डॉक्टरेट.

डॉक्टरेटचा विषय एलिझाबेथकालीन इंग्रजी भाषांतरे हा होता. कॅस्टील्योनेचा अनुवादक हॉबी, प्लूटार्कचा नॉर्थ, माँतेन्यचा फ्लोरिओ आणि लिव्हीचा हॉलंड या चौघांचे गद्य मुळाशी ताडून पाहणारा हा प्रबंध ‘ट्रान्स्लेशन : ॲन एलिझाबेदन आर्ट’ (१९३१) या नावाने ग्रंथरूपात आला. त्यांच्या चरित्रकारांनी याला फारसे महत्त्व दिलेले नाही. पण वाक्य उलगडून त्यातला एकेक शब्द तपासण्याची जी शिस्त पुढे मेल्व्हिल व व्हिटमन यांच्यावरील लेखनात दिसते, ती त्यांना या भाषांतरांच्या अभ्यासातच लागली, हे लक्षात घेतले पाहिजे.

अध्यापन : १९२७ ते १९२९ येल येथे, त्यानंतर अखेरपर्यंत हार्व्हर्ड येथे. ‘इतिहास व साहित्य’ या संयुक्त अभ्यासक्रमाच्या विकासात पुढाकार.

ग्रंथरचना : ‘सेरा ऑर्न ज्यूएट’ (१९२९) हे मेन राज्यातील कथालेखिकेचे छोटेखानी चरित्र त्यांचे पहिले पुस्तक. ही लेखिका मातृकुळाकडून त्यांच्या दूरच्या नात्यातली. ‘दि अचीव्हमेंट ऑफ टी. एस. एलियट’ (१९३५) हे एलियटवरील आरंभीच्या गंभीर अभ्यासांपैकी एक. १९३२-३३ मध्ये एलियट नॉर्टन व्याख्यानांसाठी हार्व्हर्डला आला असता दोघांचा परिचय झाला होता. एलियटची राजकीय व धार्मिक मते मॅथिसन यांना मान्य नव्हती. तरीही कवीच्या मतांआधी त्याची भाषा पाहावी, हा आग्रह त्यांनी या पुस्तकात धरला आणि पुढे डाव्या चळवळीत वावरतानाही सोडला नाही.

‘अमेरिकन रेनेसान्स’ या ग्रंथावर त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. साडेसहाशे पानांच्या या ग्रंथात एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल व व्हिटमन असे पाच लेखक आहेत. १८५० ते १८५५ या अवघ्या पाच-सहा वर्षांत ‘द स्कार्लेट लेटर’, ‘मोबी डिक’, ‘वॉल्डन’ आणि ‘लीव्ह्‌ज ऑफ ग्रास’ ही पुस्तके एकापाठोपाठ कशी आली, या प्रश्नापासून ग्रंथाची सुरुवात होते. व्हर्नन पॅरिंग्टनने १९२७ मध्ये अमेरिकन विचारप्रवाहांचा मोठा इतिहास लिहिला होता. मात्र कलागुणांची चर्चा आपल्या कक्षेत नाही, असे त्याने स्पष्ट केले होते. मॅथिसन यांनी नेमकी उलटी वाट धरली. पाचही लेखकांना जोडणारा धागा त्यांनी लोकशाहीवरील निष्ठेत पाहिला. पण ती निष्ठा शोधली वाक्यरचनेत, प्रतीकांत आणि लयीत. होरेशिओ ग्रीनोचे शिल्पविचार, लुई सलिव्हनची वास्तुकला, माउंट व एकिन्झ यांची चित्रे असा साहित्याबाहेरचा ऐवजही त्यात भरपूर आहे. चित्रांकडे पाहण्याची ही नजर त्यांना चेनींच्या सहवासात लाभली.

लेखकांच्या निवडीबद्दल पुढे बरेच वाद झाले. एडगर ॲलन पो, हॅरिएट बीचर स्टो, फ्रेडरिक डग्लस आणि त्या दशकात प्रचंड खपाची पुस्तके लिहिणाऱ्या लेखिका यांना ग्रंथात स्वतंत्र स्थान नाही. मॅथिसन यांनी खपाऊ साहित्याचा प्रश्न प्रस्तावनेतच बाजूला ठेवला होता. १९८० नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः जेन टॉम्पकिन्स व जोनाथन ॲरॅक यांनी, या निवडीमागची गृहीतके तपासली. लोकशाहीचा शोध घेणाऱ्या ग्रंथात गुलामगिरीचा प्रश्न कडेला राहावा, ही उणीव खरीच आहे. तथापि ज्या काळात इंग्रजी विभागांत अमेरिकन साहित्य दुय्यम समजले जाई, त्या काळात ‘मोबी डिक’ शेक्सपिअरच्या शोकात्मिकांशेजारी ठेवून वाचण्याचे धैर्य या ग्रंथाने दाखवले, हेही तितकेच खरे.

संहिताचिकित्सेच्या दृष्टीने ग्रंथातील एक स्थळ प्रसिद्ध आहे. मेल्व्हिलच्या ‘व्हाइट-जॅकेट’ या कादंबरीत निवेदक डोलकाठीवरून समुद्रात कोसळतो आणि पाण्याखाली एक मासा त्याला निसटता स्पर्श करून जातो. कॉन्स्टेबल प्रकाशनाच्या आवृत्तीत या माशाला ‘मळका’ अशा अर्थाचे विशेषण होते. समुद्राची निर्मळता आणि हा मळकेपणा यांच्या अनपेक्षित सांध्यात मॅथिसन यांना मेल्व्हिलच्या प्रतिभेचे खास लक्षण दिसले व त्यांनी त्याचे बारकाईने विवेचन केले. १९४९ मध्ये जॉन निकल यांनी दाखवून दिले की, तो छापण्यातला दोष आहे. मेल्व्हिलने मासा ‘वेटोळे घातलेला’ म्हटला होता, मूळ इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर तेवढे बदलले होते (‘कॉइल्ड’ऐवजी ‘सॉइल्ड’). प्रमाणित आवृत्त्यांची गरज पटवताना संपादक आजही हे उदाहरण देतात. अमेरिकन लेखकांच्या काटेकोर संशोधित आवृत्त्या निघू लागल्या, त्या यानंतर.

‘हेन्री जेम्स : द मेजर फेज’ (१९४४) हा ग्रंथ, ‘द जेम्स फॅमिली’ (१९४७) हा संकलनग्रंथ आणि केनेथ मर्डॉक यांच्यासह संपादित केलेल्या हेन्री जेम्सच्या टिपणवह्या (१९४७) यांमुळे जेम्सच्या अभ्यासाला नवी चालना मिळाली. ‘दि ऑक्सफर्ड बुक ऑफ अमेरिकन व्हर्स’ (१९५०) या संकलनात कवी थोडे घेऊन प्रत्येकाला ऐसपैस जागा देण्याचे धोरण त्यांनी ठेवले. ‘थिओडोर ड्रायझर’ (१९५१) व निबंधसंग्रह ‘द रिस्पॉन्सिबिलिटीज ऑफ द क्रिटिक’ (१९५२) ही पुस्तके मृत्यूनंतर प्रकाशित झाली.

पत्रव्यवहार : सप्टेंबर १९२४ मध्ये ऑक्सफर्डला परतताना ‘पॅरिस’ या जहाजावर मॅथिसन यांची चेनींशी गाठ पडली. चेनी कनेक्टिकट राज्यातील मँचेस्टर येथील रेशीम-कारखानदार घराण्यातले आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. तेथून १९४५ मध्ये चेनींच्या मृत्यूपर्यंत दोघांचे सहजीवन टिकले. दोघांची मिळून तीन हजारांहून अधिक पत्रे उपलब्ध असून ती येल विद्यापीठाच्या बायनकी ग्रंथालयात आहेत. त्यांतील निवडक पत्रे हाइड यांनी ‘रॅट अँड द डेव्हिल’ या नावाने संपादित केली. शीर्षकात दोघांची परस्परांना ठेवलेली लाडकी नावे आहेत : चेनी म्हणजे ‘उंदीर’, मॅथिसन म्हणजे ‘सैतान’.

हाइड यांनी या लेखनाला ‘रोजनिशी-पत्रे’ म्हटले आहे आणि ते यथार्थ आहे. वाचलेली पुस्तके, पाहिलेली माणसे, अभ्यासाची प्रगती, प्रकृती, पैसे असे सगळे त्यांत येते. सर्वांत समृद्ध आहेत १९२४-२५ ची पत्रे. मॅथिसन तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. आपल्यासारखी नाती पूर्वीही असणार, पण त्यांच्या अनुभवाचा आपल्याला आधार घेता येत नाही. नकाशा नसलेल्या, निर्मनुष्य मुलखात आपण उभे आहोत आणि सारे काही आपणच घडवायचे आहे, असे त्यांनी चेनींना कळवले. ‘विवाह’ हा शब्दही त्यांनी या नात्यासाठी वापरला. या काळात ते समलैंगिकतेविषयी लिहिणाऱ्या हॅवलॉक एलिस व एडवर्ड कार्पेंटर यांची पुस्तके वाचत होते, व्हिटमनही वाचत होते. व्हिटमनमध्ये त्यांना आपल्या जगण्याला आधार देणारा कवी भेटला, असे या पत्रांवरून दिसते. ‘अमेरिकन रेनेसान्स’ची बीजे हार्व्हर्डच्या ग्रंथालयाइतकीच या पत्रांत शोधली पाहिजेत.

याच कारणाने ग्रंथातील व्हिटमनवरचे एक वाक्य अभ्यासकांना खटकत आले आहे. ‘साँग ऑफ मायसेल्फ’मधील एका कडव्यासंबंधी लिहिताना कवीच्या देहाच्या निष्क्रियतेत काहीसा विकृत व समलैंगिक भाव असल्याचे मॅथिसन म्हणतात. पत्रांत ज्याने हाच भाव निर्मळ मानला, त्याने ग्रंथात तो रोगाच्या भाषेत मांडावा, याचा उलगडा वेगवेगळ्या रीतींनी केला जातो. १९३० मधील एका पत्रात त्यांनी स्वतःच एक प्रश्न उपस्थित केला आहे : वस्तुस्थिती कळल्यास जो समाज मला सर्वस्वी धिक्कारील, त्या समाजात राहण्याचा मला अधिकार आहे काय? त्या काळच्या विद्यापीठीय जीवनात हा प्रश्न चारचौघांत विचारण्याची सोय नव्हती. ग्रंथातील ते वाक्य या पत्राशेजारी ठेवून वाचावे. केवळ दांभिकतेचा आरोप करून विषय संपवणे अन्यायाचे होईल.

१९३० नंतर मेन राज्यातील किटरी येथे दोघांचे घर झाले आणि पत्रे विरळ झाली. एकत्र असताना पत्रे लिहिण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे सहजीवनाच्या सर्वांत स्थिर वर्षांविषयी संग्रहात सर्वांत कमी सापडते. उलट चेनींचे आजारपण आणि मद्यासक्तीवरील उपचार यांमुळे ताटातूट झाली की पत्रे पुन्हा दाटीने येतात. ग्रंथलेखन चालू असतानाच १९३८ च्या अखेरीस मॅथिसन तीव्र नैराश्यामुळे मॅक्लीन रुग्णालयात दाखल झाले. तेथे त्यांनी लिहिलेली टिपणेही संग्रहात आहेत. चेनींच्या मृत्यूनंतर त्यांच्या चित्रांची नोंद करणारे पुस्तक मॅथिसन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले.

राजकीय कार्य : मॅथिसन स्वतःला ख्रिस्ती व समाजवादी म्हणवत. हार्व्हर्डमधील शिक्षक संघटनेचे ते अध्यक्ष होते. न्यू मेक्सिकोतील गॅलप येथील खाणकामगारांच्या खटल्यावर त्यांनी १९३५ मध्ये ‘न्यू रिपब्लिक’मध्ये लेख लिहिला. १९४७ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे युरोपीय तरुणांसाठी भरलेल्या पहिल्या अमेरिकन अभ्याससत्रात त्यांनी अध्यापन केले आणि त्यानंतर प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात. या प्रवासावर आधारलेले ‘फ्रॉम द हार्ट ऑफ युरोप’ (१९४८) प्रसिद्ध झाले, तोवर प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली होती. पुस्तकावर भाबडेपणाचा आरोप झाला. अर्व्हिंग हाऊ यांची ‘पार्टिझन रिव्ह्यू’मधील टीका विशेष कडक होती. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या अधिवेशनात हेन्री वॉलेस यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीस अनुमोदन देणाऱ्यांत मॅथिसन होते. मे १९४९ मध्ये पॉल स्वीझी व लिओ ह्यूबरमन यांनी सुरू केलेल्या ‘मंथली रिव्ह्यू’ या मासिकासाठी त्यांनी वर्षाला ५,००० डॉलरप्रमाणे तीन वर्षांचे साहाय्य देऊ केले. पैसा वारशाचा होता. आइन्स्टाइनचा समाजवादावरील प्रसिद्ध लेख याच मासिकाच्या पहिल्या अंकात आला.

मृत्यू : १ एप्रिल १९५० रोजी बॉस्टन येथे त्यांनी आत्महत्या केली. अखेरच्या चिठ्ठीत त्यांनी आपल्या ढासळलेल्या मनःस्थितीचा आणि जगाच्या परिस्थितीचाही उल्लेख केला होता. काहींनी हा मृत्यू शीतयुद्धाचा बळी मानला, तर काहींनी चेनींच्या वियोगावर व एकाकीपणावर भर दिला. एकच एक कारण ठरवण्याचा आग्रह अभ्यासकांनी आता बहुतांशी सोडला आहे.

प्रभाव : मृत्यूच्याच वर्षी मित्र, सहकारी व विद्यार्थी यांच्या आठवणींचा संग्रह ‘मंथली रिव्ह्यू’ने काढला. मे सार्टन यांच्या ‘फेथफुल आर द वूंड्स’ (१९५५) व मार्क मर्लिस यांच्या ‘अमेरिकन स्टडीज’ (१९९४) या कादंबऱ्यांतील प्राध्यापकांच्या व्यक्तिरेखा त्यांच्यावरून घेतल्या आहेत. लिओ मार्क्स हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. हार्व्हर्डमध्ये २००९ मध्ये लिंगभाव व लैंगिकता या विषयांसाठी त्यांच्या नावाचे अतिथी-प्राध्यापकपद स्थापण्यात आले. स्कॉट बेन यांचे ‘अ युनियन लाइक अवर्स’ (२०२२) हे मॅथिसन व चेनी या दोघांचे संयुक्त चरित्र असून त्याचा मुख्य आधार बायनकी ग्रंथालयातील पत्रे हाच आहे.