काष्ठोत्कीर्ण व्यक्तिचित्र : पोत व प्रकाश

कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरणीने रेषा कोरून, उरलेल्या पृष्ठभागास शाई लावून छापलेले मुखचित्र. अतिमंद वाढणाऱ्या बॉक्सवुड या झाडाचे लाकूड यासाठी उत्तम समजले जाते. उभ्या फळीत तंतूंचा जो अडथळा सुरीस होतो तो येथे नसल्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेस मोकळेपणाने वळते, आणि म्हणूनच गालाच्या गोलाईबरोबर रेषेलाही वळण घेता येते.

न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने (१७५३–१८२८) हे तंत्र परिणतीस नेले. त्याची कीर्ती पशुपक्ष्यांच्या चित्रांवर असली, तरी न कोरलेला ठोकळा निखळ काळा उमटतो, सबब कोरणीचा प्रत्येक घाव हा प्रकाशाचाच घाव होय, हे त्याने सिद्ध केलेले तत्त्व व्यक्तिचित्रासही आधारभूत ठरले. कपाळावर रुंद होत जाणारी, डोळ्याच्या खोबणीत शिरताना केसासारखी बारीक होऊन विरून जाणारी पांढरी रेषा ज्याने भिंगातून पाहिली असेल, त्याला करडी छटा म्हणून काही छापलेलेच नाही, केवळ काळ्यापांढऱ्याच्या प्रमाणातून ती डोळ्यात उपजते, हे उमगून विलक्षण आनंद होतो. दाढीस सुटे, तुटक फटकारे. कातडीस मऊ वळणाच्या समांतर रेषा. लोकरी कोटास आडवेतिडवे छेद : पोताचा सारा तपशील असा रेषेच्या जातीवर अवलंबून असतो.

या भेदालाच छायाचित्रामुळे बाध येतो, अशी तक्रार विल्यम जेम्स लिंटन या उत्कीर्णकाने १८७९ मध्ये मांडली. ठोकळ्यावर छायाचित्र उतरवून त्याच्या छटा हुबेहूब कोरणारा अमेरिकेतील नवा संप्रदाय तेव्हा उदयास येत होता व टिमथी कोल (१८५२–१९३१) त्याचा अग्रणी होता. अतिसूक्ष्मतेत रेषा आपला अर्थ गमावते, हे लिंटनचे म्हणणे व्यक्तिचित्राच्या बाबतीत मला रास्त वाटते. तथापि १८८३ पासून यूरोपातील चित्रसंग्रहांत मूळ चित्रांसमोर बसून कोलने जे कोरले, त्यात छटेची निष्ठा राखूनही मांसलतेचा प्रत्यय येतो, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

ठोकळ्याची उंची छापखान्यातील खिळ्यांइतकीच असल्याने ही चित्रे मजकुराबरोबर छापता येत. मात्र मोठ्या खपाच्या मासिकांत बहुधा मूळ ठोकळ्याऐवजी त्याचा धातूचा प्रतिठसा वापरीत. पातळ जपानी कागदावर हाताने घासून घेतलेल्या ठशात सावलीतल्या बारीक रेषा शाईने बुजत नाहीत, म्हणून उत्कीर्णकाच्या कौशल्याची पारख अशा ठशावरूनच करावी.