शिवडी बंदर परिसरातील पक्षिनिरीक्षण

शिवडी हा मुंबई शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदर परिसर असून तेथील खाजणात हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी मोठ्या संख्येने पाणपक्षी येतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्यांसाठी हे ठिकाण विशेष प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी व मार्च हे महिने येथील पक्षिनिरीक्षणासाठी उत्तम मानले जातात.

स्थान

शिवडी हे हार्बर रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. धक्क्यापासून माहुलच्या दिशेने चिखलाची विस्तीर्ण पट्टी पसरली असून काठाने तिवरांची झाडी आहे. जवळच शिवडीचा किल्ला आहे. उत्तरेकडे ही किनारपट्टी ठाण्याच्या खाडीला जोडलेली आहे.

भरती-ओहोटी व निरीक्षणाची वेळ

येथील पक्ष्यांचा दिनक्रम सूर्यापेक्षा समुद्राच्या पाण्यावर अधिक अवलंबून असतो. भरती साधारणपणे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. त्यामुळे निरीक्षणाची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण ओहोटीत पक्षी पाण्यामागोमाग दूर जातात, तर पूर्ण भरतीत चिखल पाण्याखाली जातो. म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर, थवे काठाजवळ चरत असताना, निरीक्षण करणे सोयीचे ठरते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणात पाण्याच्या पातळीतील फरक ४ मीटरहून अधिक होतो. चिखल खोल असल्याने त्यात उतरणे धोक्याचे असते. निरीक्षण काठावरूनच दुर्बिणीने केले जाते.

आढळणारे पक्षी

येथे रोहित पक्ष्याच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित अधिक उंच व फिकट असून त्याच्या गुलाबी चोचीचे टोक काळे असते. लहान रोहित अधिक गडद गुलाबी असून त्याची चोच काळपट लाल असते. दोन्ही जाती मान वाकवून, चोच उलटी धरून पाणी गाळतात. लहान रोहित मुख्यतः नीलहरित शैवाल खातो, तर मोठा रोहित लहान कवचधारी व मृदुकाय प्राणीही खातो. अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो. पिल्ले मात्र करडी असतात. यांची वीण कच्छच्या रणात होते. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यामुळे शैवाल वाढले व त्यामुळे रोहितांची संख्याही वाढली, असे मानले जाते.

यांखेरीज तुतारी, चिखल्या, टिवळा, कुरव, सुरय, बगळे व शराटी हे पक्षी आढळतात. यांपैकी अनेक जाती मध्य आशियाई उड्डाणमार्गाने उत्तरेकडून येतात. वसंताच्या प्रारंभी परतीच्या प्रवासासाठी त्या अंगात चरबी साठवतात. काहींचा हिवाळी करडा रंग याच काळात बदलू लागतो. उदाहरणार्थ, काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या मानेवर विटकरी छटा चढते. हे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात, तर रोहित बहुधा मे अखेरपर्यंत राहतात.

संरक्षण

ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले. मालवणनंतरचे ते राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवडीचे खाजण मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शिवडीहूनच सुरू होतो. पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून या टप्प्यात ध्वनिरोधक बसविण्यात आले आहेत.

केवळ चिखलपट्टी राखून या पक्ष्यांचे रक्षण होत नाही. भरतीत चिखल बुडाला, की त्यांना विसाव्यासाठी उथळ पाणथळ जागा लागतात. नवी मुंबईतील नेरुळ-सीवूड्स भागातील तलाव अशा जागा असून त्यांपैकी बऱ्याच अभयारण्याबाहेर, वस्तीला लागून आहेत. तेथे भराव पडला किंवा भरतीचे पाणी आत येणे थांबले, तर थव्यांना अन्यत्र उडावे लागते. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने यांपैकी डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. चरण्याची जागा व विसाव्याची जागा या दोन्ही टिकल्या, तरच शिवडीच्या किनाऱ्यावर रोहितांचे थवे दरवर्षी दिसत राहतील.