देवदूत कोण? ख्रिस्ती व मॉर्मन मत

देवदूत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पंख येतात. पण १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातील जोसेफ स्मिथ या सतरा वर्षांच्या शेतकरीपुत्राला दिसलेला मोरोनी, त्याच्या सांगण्याप्रमाणे, अमेरिकेतच पूर्वी नांदून मेलेला व पुन्हा उठलेला माणूस होता!

परंपरागत ख्रिस्ती मताला हे मानवणारे नव्हते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने देवदूत आणि मानव या ईश्वराने शून्यातून निर्मिलेल्या निरनिराळ्या कोटी मानल्या. जन्मापूर्वी आत्मे असतात हे ऑरिजेनचे मत तर सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्येच निषिद्ध ठरविले होते. स्मिथने ७ एप्रिल १८४४ रोजी नॉवू येथे नेमके उलट सांगितले: माणसाचे मूळ चैतन्य अनादी आहे. आपल्याला यात नवल वाटणार नाही. मात्र पुनर्जन्म मॉर्मन मानीत नाहीत, हे ध्यानी असू द्यावे.

तेव्हा वाद पंखांचा नव्हे, नात्याचा आहे. ‘पिता’ हा शब्द दोघांच्याही प्रार्थनेत आहे. एकाला तो कृपेने लाभलेला अधिकार, दुसऱ्याला साक्षात वंशावळ. पित्याविषयीच्या या व अशा भेदांमुळेच २००१ साली व्हॅटिकनने मॉर्मनांचा बाप्तिस्मा अग्राह्य ठरविला. कॅथलिक होऊ पाहणाऱ्या मॉर्मनाला तो नव्याने घ्यावा लागतो.