दुसरी सिस्टिम, वेगळी डिस्क

मंडळी, आज कंप्युटरचा एक किस्सा. १९९१. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सच्या एकाच हार्ड डिस्कवर दोन सिस्टिम होत्या: विकत आणलेली मिनिक्स आणि स्वतः लिहीत असलेली लिनक्स. एकदा मोडेमऐवजी त्याने चुकून डिस्कलाच डायल केलं. मिनिक्सचा भाग खराब झाला! मग गडी लिनक्सवरच राहिला.

त्याचं निभावलं. आपल्या डिस्कवर मात्र घरचे फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट असतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवरची ‘बॉस’ आणली. तिच्यात मराठीही चालते. ती टाकायची तर मी वेगळी डिस्क लावतो आणि विंडोजच्या डिस्कची केबल आधी काढतो. लोणावळ्याच्या पावसात मध्येच लाईट गेली, तरी जुनं सगळं शाबूत!