अर्धा फोटो

परवा अंबाजोगाईच्या घरी माळा आवरताना काकांचा पेंटॅक्स के-१००० सापडला. १९७६ ते १९९७, तब्बल एकवीस वर्षं हे मॉडेल निघत होतं! सगळं काम यांत्रिक, सेल लागतो तो फक्त प्रकाशमापकाला.

सोबत आत्याच्या लग्नातला एक फोटो. एका बाजूला नवरा-नवरी झकास, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख. त्या काळोखात आजी उभी आहे. काका अजून फ्लॅशला शिव्या घालतात.

पण फ्लॅश बिचारा निर्दोष. या कॅमेऱ्यात फिल्मपुढे दोन कापडी पडदे आडवे सरकतात. एक उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. १/६० सेकंदाला अख्खी फ्रेम क्षणभर उघडी असते, फ्लॅश तेव्हाच चमकतो. १/१२५ ला मात्र पहिला टोकाला पोचेतो दुसरा अर्ध्यावर आलेला असतो. शटरची चकती एक घर पुढे गेली, बस्स! (१९८२ च्या निकॉन एफएम-२ मध्ये ही मर्यादा १/२०० होती, पडदे धातूचे आणि उभे सरकणारे. पण आमच्याकडे तो कोण आणणार?) अंतराचा हिशोब काकांनी चोख केला होता: गाइड नंबर २८, अॅपर्चर ८, म्हणजे साडेतीन मीटर. आणि रोल धुवून येईपर्यंत चूक कळणार तरी कशी?

आजी त्यानंतर कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. काकांना हे १/१२५ चं सांगावं की नको, ते अजून ठरत नाहीये.