बिनतारी निरोप

आपल्या देशात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. पुढे, २००३ साली आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले आणि हे यंत्र आम्हां गृहिणींच्याही हाती आले.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ७ स्फोट झाले. एव्हरशाईन सिटीतून मी यांना सारखा फोन लावीत होते. सिग्नलच्या रेघा पूर्ण, पण फोन लागेना. एका टॉवरवरून एका वेळी ठरावीक माणसांनाच बोलता येते. त्या दिवशी सारेच आपापल्या माणसांना शोधीत होते. अखेर यांचा चार शब्दांचा लेखी निरोप आला: ‘सुखरूप आहे, उशीर होईल.’

लेखी निरोपाला जागा थोडी लागते. म्हणून संकटकाळी थोडक्यात लिहून कळवावे. तेवढीच वाट दुसऱ्या भगिनीला मोकळी होते.