अल्लाबंद : नदीची साक्ष

१६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणातील सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला व त्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. सिंधमधील मानवनिर्मित बांधांहून हा निराळा, म्हणून लोकांनी त्यास ‘अल्लाबंद’ म्हटले. त्याचा उतार इतका मंद की केवळ डोळ्यांनी त्यात काही विशेष दिसू नये. परंतु लखपतकडे जाणारा पुराण नदीचा जुना मार्ग त्यास आडवा छेदतो. आणि नदी चढ चढत नाही! अर्थात नदी आधीची, उंचवटा नंतरचा. १८२६ मध्ये सिंधूच्या पुराने बंद फोडला. त्याखालचा प्रस्तरभंग मात्र आजही गाळाखाली दडलेला आहे.